फॉगिंगनंतर स्वॅब स्वच्छ, चार दिवसांनी पुन्हा अ‍ॅसिनेटोबॅक्टर: शोधायचं कुठे?

शनिवारी रात्री फॉगिंग, म्हणजे बंद खोलीत जंतुनाशकाचं धुकं सोडणं. रविवारी सकाळी स्वॅब. मंगळवारी रिपोर्ट आला: नो ग्रोथ. बुधवारी पुन्हा स्वॅब घेतले, तर सहा नंबर बेडच्या रेलिंगवर अ‍ॅसिनेटोबॅक्टर, तोही मेरोपेनेम या जबर अँटिबायोटिकला न जुमानणारा जंतू. पुढच्या शनिवारी डोस वाढवून फॉगिंग केलं आणि पुन्हा तेच चक्र. आमच्या आयसीयूत हे सलग चार आठवडे चाललं. मशीन विकणाऱ्याचा माणूस येऊन म्हणाला, "सिस्टर, अजून वीस टक्के वाढवा." साहेब म्हणाले, "यापेक्षा आपलं जुनं फॉर्मॅलिन बरं होतं." मावशी काहीच बोलल्या नाहीत. शेवटी खापर कुणावर फुटतं हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

मी इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघते. या चक्रात अडकलेल्या इतर सिस्टर्सचे आणि छोट्या हॉस्पिटलांतल्या डॉक्टरांचे मला फोन येतात, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: कुठलं केमिकल वापरू? मी उलट विचारते: जंतू परत आला तो कितव्या दिवशी, आणि कुठल्या जागी? या दोन उत्तरांवरून बहुतेक वेळा दोष सापडतो.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. जंतू अँटिबायोटिकला दाद देत नाही म्हणून तो वायूलाही दाद देणार नाही, असं नसतं. अँटिबायोटिक जंतूच्या एखाद्या नेमक्या भागावर नेम धरतं. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ओझोन त्याचं आवरण, प्रथिनं, डीएनए, जे समोर येईल ते जाळतात. अ‍ॅसिनेटोबॅक्टरची खरी ताकद चिवटपणात आहे. कोरड्या पृष्ठभागावर तो ३ दिवसांपासून ५ महिन्यांपर्यंत जिवंत राहिल्याच्या नोंदी आहेत. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस, याच्या बाबतीत हा काळ ७ दिवस ते ७ महिने आहे. म्हणजे शनिवारी वाचलेला एखादा जंतू बुधवारपर्यंत काय, दिवाळीपर्यंतही वाट बघू शकतो.

आधी स्वॅबवरच संशय घ्या

रविवार सकाळचा तो ‘नो ग्रोथ’ खरा होता का? फॉगिंगनंतर पृष्ठभागावर औषधाचा अंश राहतो. स्वॅब फिरवला की जंतूबरोबर तो अंशही नळीत जातो आणि तिथे आपलं काम चालू ठेवतो. जंतू लॅबमध्ये पोचेपर्यंत अर्धमेला झालेला असतो आणि प्लेटवर काही उगवत नाही. आपण समजतो आयसीयू स्वच्छ झाला. खरं तर स्वच्छ झालेली असते ती नळी.

यावर उपाय म्हणजे औषधाचा अंश निष्प्रभ करणारं माध्यम. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) वापरला असेल तर सोडियम थायोसल्फेट, क्वाटर्नरी अमोनियमवाली औषधं असतील तर लेसिथिन आणि ट्वीन ८०, पेरॉक्साइड असेल तर कॅटालेज किंवा पायरुव्हेट. बऱ्याच प्रकारच्या औषधांना एकत्र चालणारा डे-एंगली ब्रॉथही मिळतो. मायक्रोबायॉलॉजीच्या मॅडमना फक्त "स्वॅब पाठवते" असं सांगू नका, कशाने फॉगिंग केलं तेही सांगा. कोरडा स्वॅब कोरड्या स्टीलवरून फार थोडं उचलतो, म्हणून तो ओला करून, दाबून, फिरवत घ्या. आणि घ्या तो हात पडतो तिथून: रेलिंगची आतली बाजू, मॉनिटरचा नॉब, इन्फ्युजन पंपाची बटणं, ट्रॉलीचं हँडल. आमच्याकडे वर्षानुवर्षं भिंतीचे आणि जमिनीचे स्वॅब जात होते, कारण फॉर्मवर तसं छापलेलं होतं. भिंतीला कोण हात लावतं?

दर आठवड्याला सगळीकडून स्वॅब घेत बसणं हाही उपाय नाही. साथीचा माग काढायचा असेल, एखाद्या बदलाचा परिणाम बघायचा असेल, तेव्हाच ते कामाचं. रोजच्या सफाईची परीक्षा घ्यायला फ्लुरोसंट जेल स्वस्त पडतं. संध्याकाळी गुपचूप ठिपके लावायचे, ते वाळले की दिसत नाहीत. सकाळी यूव्ही टॉर्च मारायचा. ठिपका चमकला तर फडकं तिथपर्यंत गेलं नाही. आमच्याकडे पहिल्या दिवशी बेडखालचे सगळेच ठिपके चमकले.

फॉगिंगनंतर लगेचच पॉझिटिव्ह आलं तर

माध्यम बरोबर होतं आणि तरी रविवारीच जंतू सापडला, तर वायू तिथे पोचला नाही किंवा पोचूनही त्याचं चाललं नाही. इथे कारणं बरीच आहेत, आणि पहिलं कारण जवळजवळ नेहमी मळ.

मशीनच्या पत्रकावर ‘सिक्स लॉग’ लिहिलेलं असतं, म्हणजे दहा लाखांतला एक उरतो. तो आकडा बहुतेक वेळा स्वच्छ स्टीलच्या चकतीवरचा असतो. आपल्या रेलिंगवर वाळलेली लाळ, बिटाडीन, चिकटपट्टीचा गोंद आणि रक्ताचा एखादा ठिपका असतो. जखमेवर पेरॉक्साइड ओतलं की फेस येतो ना? तो रक्तातल्या कॅटालेज या एन्झाइममुळे. तेच एन्झाइम ठिपक्यावर आलेलं पेरॉक्साइड फोडून टाकतं. शिवाय स्टॅफिलोकोकस आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर यांच्याजवळ स्वतःचंही कॅटालेज असतं. मशीनबरोबर येणारी चाचणीची पट्टी जिओबॅसिलस या जंतूच्या स्पोरची, म्हणजे बीजाणूंची असते. ती पास झाली म्हणून मळाखाली दडलेला एमआरएसए मेलाच असं धरू नका. प्रयोगांत तो त्या स्पोरपेक्षाही चिवट निघालेला आहे.

त्यातून बायोफिल्मचा प्रश्न वेगळाच. आपल्याला वाटतं बायोफिल्म म्हणजे ओलसर, बुळबुळीत. पण ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिलं की आयसीयूतल्या कोरड्या वस्तूंवर, टर्मिनल क्लीनिंग (रुग्ण गेल्यावरची पूर्ण सफाई) झाल्यानंतरही, बायोफिल्ममध्ये औषधांना न जुमानणारे जंतू जिवंत होते. ही पातळ पापुद्र्यासारखी चिकटलेली वस्ती धुक्याने निघत नाही. फडक्याने घासूनच निघते.

म्हणून आधी घासा, मग वायू. उलट्या क्रमाने काहीही साधत नाही. पण नुसतं घासून भागतं का? त्याचंही उत्तर आहे. लंडनमध्ये झालेल्या आणि २००४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात एमआरएसए रुग्णांच्या खोल्यांतले ७४ टक्के स्वॅब पॉझिटिव्ह होते. नेहमीच्या सफाईनंतरही ६६ टक्के राहिले. पेरॉक्साइडच्या वाफेनंतर ८५ पैकी १. म्हणजे वायूचं काम खरं आहे, थापा नाहीत. माझा वाद वायूशी नाहीच.

मग आकडेमोड तपासा. खोली २० बाय १५ फूट, उंची १० फूट, म्हणजे ३००० घनफूट. तीच खोली मीटरमध्ये ८५ घनमीटर. एका डब्यावर डोस १००० घनफुटाला लिहिलेला असतो, दुसऱ्यावर घनमीटरला. कंपनी बदलली की भिंतीवर चिकटवलेला जुना तक्ता तसाच राहतो आणि रात्रपाळीचा ब्रदर त्यावरून माप घेतो. माझ्या माहितीतल्या एका ठिकाणी या एवढ्या कारणाने महिनाभर डोस कमी पडत होता.

फॉल्स सीलिंगच्या फटी, दाराखालची फट आणि एसी या तीन वाटांनी वायू पळतो. आमच्या आयसीयूचे दोन भाग आहेत. एक रिकामा करून दार सील करायचं, दुसऱ्यात रुग्ण. डक्ट मात्र दोन्हीचा एकच, हे आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळलं, जेव्हा पलीकडच्या ड्युटीवरच्या सिस्टरचे डोळे चुरचुरायला लागले. ही नुसती डोस कमी पडण्याची गोष्ट नाही, पलीकडे व्हेंटिलेटरवर माणसं होती. एसीच्या ग्रिल आतून प्लॅस्टिकने बंद करा आणि शेजारच्या खोलीत मीटर धरा. माणसांसाठी पेरॉक्साइडची आठ तासांची मर्यादा १ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग आहे. आत शिरायचं की नाही हे मीटरने ठरवा. वास येत नाही म्हणजे हवा सुरक्षित, असं नाही.

पडदे, कागद, पुठ्ठ्याचे खोके, सुती चादरी पेरॉक्साइड शोषून घेतात. कपाटात ग्लव्हजचे वीस खोके ठेवून फॉगिंग केलं तर निम्मं औषध खोके पितात. मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवलं तर भिंत तेवढी ओली होते. धुक्याचे थेंब जड असतात आणि खाली बसतात, म्हणून गादीची खालची बाजू, टेबलाचा तळ कोरडाच राहतो. गाद्या उभ्या करा, ड्रॉवर उघडे टाका, मशीन मध्यभागी ठेवा. खरी वाफ करणारी महागडी यंत्रं कोपऱ्यात जास्त चांगली शिरतात, पण खोली आधीच दमट असेल तर वाफ लवकर दव बनून एकाच जागी बसते. कोकणातल्या मैत्रिणींनी पावसाळ्यात हे ध्यानात ठेवावं.

आणि एक खास आपल्याकडची चूक. मावशी हायपोने पुसून जातात, पृष्ठभाग ओलाच असतो, लगेच पेरॉक्साइडचं फॉगिंग सुरू. हायपो आणि पेरॉक्साइड एकमेकांना मारतात. उरतं मिठाचं पाणी आणि ऑक्सिजन. हायपो लावून त्याला त्याची दहा मिनिटं द्या, मग साध्या पाण्याने पुसून कोरडं होऊ द्या, मगच मशीन लावा. हायपोही रोज सकाळी ताजा बनवलेला हवा. पाच टक्क्यांचा असेल तर १ टक्क्यासाठी एका मापाला चार मापं पाणी, दहा टक्क्यांचा असेल तर नऊ. कालची बादली फेकून द्या.

तीन-चार दिवसांत परत आला तर

आमचं दुखणं हे होतं, आणि ते सापडलं निव्वळ योगायोगाने.

चौथ्या शनिवारी माझी ड्युटी नव्हती. मुलीची औषधं हॉस्पिटलच्या मेडिकलमधून घ्यायला रात्री दहाला गेले आणि सहज वर चक्कर मारली. आयसीयू सील केलेला, मशीन चालू. बाहेर पॅसेजमध्ये हिरव्या चादरी पांघरून एक रांग उभी होती: पाच मॉनिटर, दोन व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप, क्रॅश कार्ट, ग्लुकोमीटरचा डबा, बीपीचे कफ. मी ब्रदरला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "सिस्टर, मशीनच्या देखभालीच्या एएमसीवाल्यांनी सांगितलंय, धुक्याने सर्किट जातं. आम्ही दर वेळी बाहेर काढतो."

दर वेळी. आम्ही रिकामी खोली चार वेळा धुऊन काढली होती आणि ज्या वस्तूंना दिवसातून शंभर हात लागतात त्या पॅसेजमध्ये सुखरूप ठेवल्या होत्या. सकाळी त्या तशाच आत जात होत्या.

तिथल्या तिथे स्वॅब घेतले. बीपीच्या एका कफवर आणि व्हेंटिलेटरच्या स्क्रीनवर अ‍ॅसिनेटोबॅक्टर आला. त्या कफची वेल्क्रो उघडून बघितली तर आत काय काय साठलं होतं ते इथे लिहीत नाही.

त्या कफला जबाबदार कोण, यावर दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये अर्धा तास गेला. मावशी म्हणाल्या, "मशीनला हात लावायचा नाही असं आम्हाला सांगितलंय," आणि ते खरंच होतं. सिस्टर म्हणाल्या, सफाई आमचं काम नाही. बायोमेडिकल म्हणालं, आम्ही दुरुस्ती करतो. म्हणजे मॉनिटर पुसणं हे कुणाचंच काम नव्हतं, आणि कुठल्या कागदावरही लिहिलेलं नव्हतं. आता लिहिलंय. केबल, कफ, स्क्रीन, पंप: त्या बेडची सिस्टर, प्रत्येक शिफ्टला, उत्पादकाने चालेल म्हटलेल्या वाइपने. रेलिंग, लॉकर, सलाइन स्टँड: मावशी. कफ दर रुग्णाला वेगळा, रुग्ण गेला की कफ गेला. खर्चाची कुरकुर झाली. अशा जंतूवर शेवटचा उपाय म्हणून द्यायच्या कोलिस्टिनच्या एका दिवसाच्या बिलाशी तुलना करून दाखवल्यावर थांबली.

पण वस्तू पुसल्या तरी एक गोष्ट उरते, आणि ती कुठल्याच मशीनने सुटत नाही. शनिवारी ज्या पाच जणांना पलीकडे हलवलं, त्यातल्या दोघांच्या शरीरावर हा जंतू आधीपासून होता. रविवारी ते परत आले. बर्मिंगहॅममध्ये २००७ साली हेच मोजलं गेलं. पेरॉक्साइडच्या वाफेनंतर आयसीयू स्वच्छ, मग रुग्ण परत आणले, त्यात दोघे एमआरएसएवाले. चोवीस तासांच्या आत पाच ठिकाणी एमआरएसए सापडला. चोवीस तास! आमचा जंतू बुधवारपर्यंत थांबत होता असंही नाही. आम्हीच बुधवारी बघत होतो.

म्हणून पूर्ण वॉर्डला दर शनिवारी धुरी देण्याचा रिवाज मला आता निरर्थक वाटतो. वायूचा उपयोग होतो तो त्या जंतूचा रुग्ण गेल्यावर, पुढचा येण्याआधी. आधीच्या रुग्णाचा जंतू त्याच खोलीतल्या पुढच्या रुग्णाला लागण्याचा धोका वाढतो, हे सिद्ध झालेलं आहे. जॉन्स हॉपकिन्सच्या २०१३ मधल्या अभ्यासात, पेरॉक्साइडच्या वाफेने शुद्ध केलेल्या खोलीत आलेल्या रुग्णांना असे जंतू लागण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी होतं. पण तिथे प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र खोली होती. आपल्याकडे एका हॉलमध्ये दहा खाटा, मध्ये पडदा, आणि एक सिस्टर तीन रुग्ण बघते. तो ६४ चा आकडा विक्रेत्याने दाखवला तर आधी विचारा, आमच्या हॉलला सील कसं करणार?

आम्ही काय केलं? जंतू असलेल्या रुग्णांना कोपऱ्यातल्या दोन बेडवर आणलं आणि त्यांच्यासाठी सिस्टर वेगळी ठेवली, निदान दिवसपाळीत तरी. प्रत्येक बेडच्या पायथ्याशी हँडरबची बाटली टांगली. पुढचे दोन बुधवार स्वच्छ गेले. तिसऱ्या बुधवारी एका सलाइन स्टँडवर पुन्हा सापडला, पण या वेळी कुठून आला ते त्याच दिवशी कळलं: तो स्टँड कोपऱ्यातल्या बेडकडून उसना आणलेला होता.

छोट्या ओझोन मशीनबद्दल

कोविडपासून हातात मावणारी ओझोन मशीन्स खूप विकली गेली. ओझोन जंतू मारतो यात शंका नाही. कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये डिक झौटमन आणि सहकाऱ्यांनी ओझोन आणि थोडी पेरॉक्साइडची वाफ एकत्र वापरून फार चांगले निकाल मिळवले, २०११ मध्ये ते छापून आले. पण तिथे ओझोनचं प्रमाण ८० पीपीएम होतं, बंदिस्त रिकाम्या खोलीत. माणसांसाठी कामाच्या जागी मर्यादा ०.१ पीपीएम. रुग्ण आत असताना लावायचं मशीन सुरक्षित असेल तर ते पृष्ठभागाचं काही करत नाही, आणि काही करत असेल तर ते सुरक्षित नाही.

फॉर्मॅलिनकडे परत?

नको. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने फॉर्माल्डिहाइडला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालेल्या पदार्थांत टाकलं. शिवाय ते थंड खोलीत नीट चालत नाही, पांढरी भुकटी होऊन बसते आणि पुढे कित्येक दिवस वायू सोडत राहते. आणि हायपोच्या वाफा त्यात मिसळल्या तर आणखी एक कर्करोगकारक पदार्थ तयार होऊ शकतो. साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आम्ही तर पंचवीस वर्षं त्यातच वावरलो." यावर काय बोलणार!

ओल्या जागेजवळ येत असेल तर

जंतू क्लेबसिएल्ला किंवा स्यूडोमोनास असेल आणि दर वेळी त्याच एका बाजूच्या बेडांवर उगवत असेल, तर सिंककडे बघा. सिंकखालच्या वाकड्या पाइपात पाणी साठलेलं असतं आणि त्या पाण्याखाली कुठलाही वायू पोचत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात २०१७ मध्ये चमकणारे ई. कोलाय त्या पाइपात सोडून बघितले. दिवसाला साधारण एक इंच या गतीने ते वर चढत आठवड्याभरात जाळीपर्यंत आले, आणि तिथून नळ सोडला की शिंतोड्यांबरोबर बाहेर. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या रुग्णालयात २०११ साली क्लेबसिएल्लाची साथ आली, १८ रुग्णांना लागण झाली, ११ गेले, त्यातल्या ६ मृत्यूंचं कारण तोच जंतू मानला गेला. तिथे पेरॉक्साइडची वाफ होती, नवी भिंत बांधली, हात धुतात की नाही हे बघायला माणसं बसवली. तरी जंतू सिंकच्या ड्रेनमध्ये सापडला, आणि साफ केलेल्या एका व्हेंटिलेटरवरही.

आमच्या नऊ नंबर बेडजवळचं सिंक तसंच आहे. नळाची धार थेट जाळीवर पडते, आणि हाताच्या अंतरावर औषधं भरायची ट्रॉली. ट्रॉली हलवली. रुग्णांच्या पुसण्याचं पाणी, उरलेली सलाइन त्यात ओतायची नाही, अशी पाटी लावली, जी दोन दिवस पाळली गेली. पाइप बदलून नळ बाजूला घ्यायचा अर्ज श्रावणात दिलाय, इंजिनिअरिंगकडे आहे. तोवर त्या सिंकचा नळ मी सुतळीने बांधून ठेवलाय.